वाद्यांचं वास्तववादी स्थिरचित्र: पहिल्यांदा रंगवणाऱ्यांसाठी

व्हायोलिनचं पहिलं चित्र मी जवळजवळ तीन आठवडे रंगवत होते. लाकडाचा रंग जमला होता, वार्निशची चकाकी तर हवी तशी उतरली होती. मग एका व्हायोलिनवादक मैत्रिणीला ते दाखवलं. अर्धा मिनिट पाहून तिने एकच प्रश्न विचारला, "अगं, ही घोडी इथे उभी कशी राहील?" मी घोडी, म्हणजे तारांना उचलून धरणारी लाकडाची पातळ फळी, जवळजवळ दोन बोटं खाली, टेलपीसच्या (तारांची खालची टोकं जिथे अडकवतात त्या पट्टीच्या) दिशेने सरकवली होती. रंग आणि उजेड पाहण्यात मी इतकी गुंतले होते की घोडी तिथेच का असते, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

त्यानंतर मी वाद्यांची बरीच स्थिरचित्रं केली आणि एक कसोटी पक्की केली: चित्रातलं वाद्य हातात घेतलं तर वाजलं पाहिजे. तारा ताणलेल्या दिसल्या पाहिजेत, खुंट्या पिळता आल्या पाहिजेत, घोडीवर तारांचा दाब जाणवला पाहिजे. वास्तववादी चित्र म्हणजे प्रत्येक रेघ कोरून काढणं नव्हे. वस्तू कशी बनली आहे आणि तिच्यावर उजेड कसा पडतो, या दोन गोष्टी खऱ्या उतरल्या की बाकी बरंच सैल सोडता येतं.

तैलरंग थोडेफार हाताळले आहेत, एखादं फळांचं किंवा भांड्यांचं चित्र करून झालं आहे आणि आता वाद्याला हात घालावासा वाटतो आहे, अशांसाठी हे लिहिते आहे. उदाहरण मुख्यतः व्हायोलिनचं घेतलं आहे, सोबत थोडं पितळी ट्रम्पेट. इतर तंतुवाद्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

१. सामानाची यादी

आधी हे जमवून ठेवा, म्हणजे मध्येच उठावं लागणार नाही.

- कॅनव्हास, जेसो (रंगाखालचं पांढरं अस्तर) लावलेला. व्हायोलिनची पूर्ण लांबी सुमारे ६० सेंमी असते. ते तिरकं ठेवून मूळ मापात रंगवायचं तर ६० × ७५ सेंमीचा कॅनव्हास पुरतो. पहिलं चित्र मूळ मापातच करा. मापं ताडून पाहणं फार सोपं जातं.
- रंग: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन ब्लू, पर्मनंट अलिझरिन. काळ्या रंगाची ट्यूब मी मुद्दाम घेत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून गडद काळा होतो आणि तो हवा तसा उबदार किंवा थंड करता येतो.
- ब्रश: ताठ केसांचे दोन-तीन फिल्बर्ट (गोलसर टोकाचे चपटे ब्रश), मऊ केसांचा गोल २ नंबर आणि तारांसाठी लांब केसांचा बारीक रिगर.
- जवसाचं तेल, कमी वासाचा मिनरल स्पिरिट, पॅलेट, पॅलेट नाइफ, सुती चिंध्या, झाकणाचा धातूचा डबा.
- मॉलस्टिक, म्हणजे हात टेकवायची काठी. टोकाला कापड गुंडाळलेली कुठलीही सरळ काठी चालते.
- ओळंबा. दोऱ्याला बांधलेलं वजन पुरे.
- एकच दिवा, काळ्या पुठ्ठ्याचे दोन-तीन तुकडे, चिकटपट्टी, विणायची एक सरळ सुई.
- आणि अर्थात वाद्य. मागून आणलेलं असेल तर पुढचा टप्पा दोनदा वाचा.

२. वाद्य आधी ओळखून घ्या

पहिला दिवस रंगांना हात लावू नका. वाद्य मांडीवर घ्या, फिरवून पाहा, एका कागदावर टिपणं करा.

व्हायोलिनची वरची पाटी स्प्रूसच्या लाकडाची असते. तिच्या रेषा सरळ, बारीक, वरून खाली जाणाऱ्या असतात. मागची पाटी, बाजूच्या पट्ट्या, मान आणि टोकाची गुंडाळी मेपलची. वाघाच्या पट्ट्यांसारखे आडवे झोत दिसतात ते याच मेपलमध्ये. नवखी मंडळी हे पट्टे पुढच्या पाटीवरही रंगवतात आणि वाद्य ओळखणाऱ्याला ते लगेच खटकतं. बोटांची पट्टी एबनीची, काळीभोर, तिच्यावरची चमक मंद.

आता मापं. ही मला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती. पूर्ण आकाराच्या व्हायोलिनचं धड सुमारे ३५.५ सेंमी लांब असतं. वरचा फुगवटा साधारण १६ ते १७ सेंमी, कंबर ११ च्या आसपास, खालचा फुगवटा २०–२१. मानेच्या टोकाला जिथून तारा सुटतात तिथपासून धडाच्या वरच्या कडेपर्यंत १३ सेंमी आणि त्या कडेपासून घोडीपर्यंत १९.५ सेंमी. म्हणजे दोनास तीन. हे प्रमाण पाठ करून टाका. शिवाय इंग्रजी एफ अक्षरासारखी जी दोन छिद्रं असतात, त्यांच्या मध्यावर आतल्या बाजूला बारीक खाचा असतात. दोन्ही खाचा जोडणाऱ्या काल्पनिक रेषेवर घोडी उभी असते. माझी घोडी चुकली ती इथे.

घोडी कशानेही चिकटवलेली नसते. केवळ तारांच्या दाबाने ती उभी राहते. तिची टेलपीसकडची बाजू पाटीशी जवळजवळ काटकोनात असते आणि बोटांच्या पट्टीकडची बाजू किंचित उतरती. हे एकदा बाजूने पाहून घ्या, म्हणजे रंगवताना घोडी पुढे कलंडलेली दिसणार नाही.

खुंट्यांचा क्रम असा: वाद्य समोर उभं धरलं की डावीकडे खाली सर्वात जाड, म्हणजे 'जी' (G) तारेची खुंटी, तिच्या वर डी, उजवीकडे वर ए आणि खाली ई. घोडीवर पहिल्या आणि चौथ्या तारेत सुमारे साडेतीन सेंमी अंतर असतं, तर मानेच्या टोकाला त्याच्या निम्मंच. म्हणजे चारही तारा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. पूर्ण समांतर काढल्या की वाद्य खेळण्यातलं दिसू लागतं.

इथे सांभाळा. चारही तारा एकदम सैल करू नका. मी केल्या होत्या. एक तार सुटून वेटोळं झालेली हवी होती, म्हणून सगळ्याच ढिल्या करत गेले. घोडी पाटीवर आडवी झाली आणि आत काहीतरी खडखडलं. व्हायोलिनच्या पोटात, घोडीच्या ई तारेकडच्या पायाच्या जरा मागे, लाकडाची एक बारीक कांडी नुसत्या दाबावर अडकवलेली असते. ती पडली होती. ती परत बसवायला वाद्य दुरुस्त करणाराच लागतो आणि वाद्य माझं नव्हतं. तुटलेली तार दाखवायचीच असेल तर टाकून दिलेली जुनी तार त्याच उजेडात टेबलावर ठेवा आणि तिच्यावरून रंगवा. खुंट्यांना हातही लावायला नको.

तापणारा दिवा वाद्याजवळ ठेवू नका. व्हायोलिनचे जोड प्राणिज सरसाने चिकटवलेले असतात. उष्णतेने तो मऊ पडतो आणि जोड उघडतात. त्याच कारणाने खिडकीतून थेट ऊन येत असेल तर मांडणी तिथून हलवा.

३. मांडणी: खोली कमी, कारण पक्कं

पहिल्या मांडणीत तीनपेक्षा जास्त वस्तू घेऊ नका. व्हायोलिन, गज आणि एखादा स्वरलिपीचा कागद. नाहीतर व्हायोलिन आणि ट्रम्पेट. लाकूड आणि पितळ शेजारी ठेवलं की दोन्ही पदार्थ एकमेकांना उठाव देतात.

विल्यम मायकल हार्नेट हा १८४८ मध्ये आयर्लंडमध्ये जन्मलेला आणि फिलाडेल्फियात वाढलेला चित्रकार. तरुणपणी तो चांदीवर नक्षी कोरायचं काम करायचा. त्याचं १८८६ सालचं 'द ओल्ड व्हायोलिन' वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. जुनाट दारावर टांगलेलं व्हायोलिन, गज, मागे स्वरलिपीचा कागद, खाली एक लिफाफा, गंजलेल्या बिजागऱ्या, अशा मोजक्याच वस्तू. या चित्रातून शिकण्यासारखी सर्वात मोठी गोष्ट मांडणीची आहे. सगळ्या वस्तू दाराला जवळजवळ चिकटून आहेत. आपले दोन डोळे जवळच्या वस्तूची खोली ताबडतोब मोजतात, त्यामुळे सपाट कॅनव्हासवर फूटभर खोली दाखवली की डोळ्यांना खोटेपणा कळतो. खोली चार-पाच सेंमीचीच असेल तर डोळे फसतात. म्हणून नवख्याने व्हायोलिन भिंतीला किंवा उभ्या फळीला टांगून रंगवावं, असं माझं ठाम मत आहे. टेबलावर आडवं, आपल्याकडे मान केलेलं व्हायोलिन रंगवणं दहापट अवघड आहे.

सतराव्या शतकातल्या डच चित्रांत वाद्यांशेजारी कवटी, वाळूचं घड्याळ, विझलेली मेणबत्ती दिसते. सूर हवेत उमटतो आणि विरतो, तसं आयुष्य, हा त्यामागचा अर्थ. आपल्या मांडणीत मात्र कवटी आणू नका. तुमच्या वस्तूंनी एकमेकींशी बोलावं, याचं कारण तुमच्याकडे हवं. गजाच्या केसांना घासायच्या राळेची वापरून झिजलेली वडी व्हायोलिनशेजारी ठेवली तर ती सांगते की हे वाद्य रोज वाजतं.

मांडणी पक्की झाली की प्रत्येक वस्तूच्या कडेला चिकटपट्टीची खूण करा. इझलच्या पायांच्या आणि तुमच्या स्वतःच्या पावलांच्या जागाही जमिनीवर आखून ठेवा. यातली कुठलीही खूण आळसाने टाळू नका.

४. उजेड एकच

एकाच बाजूने, वस्तूच्या वरून तिरका येणारा उजेड घ्या. डावीकडून साधारण ४५ अंशांत आलेला मला सर्वात आवडतो. दुसरा दिवा चालू राहिला की प्रत्येक तारेला दोन सावल्या पडतात आणि चार तारांच्या आठ सावल्या कोणत्या कुणाच्या हेच उमगत नाही.

खिडकीचा उजेड घेणार असाल तर ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही ती निवडा; उत्तर गोलार्धात ती बहुधा उत्तरेची. रोज तेच दोन-तीन तास काम करा. दिवा घेणार असाल तर ५००० केल्विनच्या आसपासचा, रंग नीट दाखवणारा, म्हणजे सीआरआय ९० च्या वरचा एलईडी घ्या. कॅनव्हासवरही तशाच जातीचा उजेड हवा. वाद्यावर पिवळा दिवा आणि कॅनव्हासवर निळसर, असं असेल तर मिसळलेला प्रत्येक रंग सकाळी चुकलेला दिसतो.

वाद्याच्या बाजूला काळा पुठ्ठा उभा करा. वार्निश केलेल्या पाटीत खोलीतलं सगळं उमटतं, तुमचा पांढरा सदरासुद्धा. गडद कपडे घाला.

५. रेखाटन: इथेच चित्र ठरतं

आल्ब्रेख्ट ड्यूररने १५२५ साली मापनविद्येवरचं पुस्तक काढलं. त्यात एक लाकूडठसा आहे. दोन माणसं टेबलावरचं ल्यूट, म्हणजे फुगीर पाठीचं जुनं युरोपी तंतुवाद्य, काढताहेत. भिंतीतल्या कडीतून दोरा ओवला आहे, एक जण दोऱ्याचं टोक ल्यूटच्या एकेका बिंदूवर टेकवतो, दुसरा चौकटीतून तो दोरा कुठून जातो ते टिपतो. हा प्रयोग दाखवायला ड्यूररने ल्यूट निवडलं. वाद्याचा फुगीर, तिरका आकार नुसत्या नजरेने पकडणं किती कठीण आहे, हे त्यावरून कळावं. मोजायची लाज बाळगू नका.

माझी पद्धत अशी. कॅनव्हास मांडणीच्या अगदी शेजारी, त्याच प्रतलात उभा करते. मांडणीच्या सर्वात मोठ्या मापाच्या साधारण तिप्पट अंतरावर मागे उभी राहते. तिथून वाद्य आणि चित्र दोन्ही एका नजरेत येतात आणि एकाच मापाचे दिसतात. दोरा आडवा ताणून धरला की घोडीची उंची सरळ कॅनव्हासवर नेता येते. पाहायचं मागून, खूण करायची पुढे जाऊन, ताडायला पुन्हा मागे. पाय दुखतात, पण चुका पहिल्या तासातच सापडतात.

रेषांचा क्रम पाळा:

१. मधली रेषा. गुंडाळीच्या टोकापासून टेलपीसच्या खालच्या बटणापर्यंत एक सरळ रेषा. व्हायोलिन कितीही तिरकं असलं तरी ही आधी. ओळंब्याशी तिचा कोन ताडा.

२. त्या रेषेवर तीन खुणा: मानेचं टोक, धडाची वरची कड, घोडी. वाद्य समोरून दिसत असेल तर दोनास तीनचं प्रमाण बसलं पाहिजे. तिरकं दिसत असेल तर ते आखडतं, पण खुणा याच तीन.

३. आडव्या रुंद्या. वरचा फुगवटा, कंबर, खालचा फुगवटा. फक्त ठिपके.

४. आता बाह्यरेषा. कंबरेचे कोपरे आधी, मग वळणं. सुरुवातीला वळणही लहान सरळ रेघांनी काढा. गुळगुळीत वळण काढायच्या मोहात मापं निसटतात.

५. एफ छिद्रं सर्वात शेवटी. पाटी मधोमध फुगीर असल्याने एका बाजूचं छिद्र रुंद दिसतं आणि दुसरं अरुंद. दोन्ही सारखी काढली की पाटी सपाट होते. एक नीट काढून दुसरं आरशातल्यासारखं उतरवणं हा सगळ्यात सामान्य घोटाळा आहे.

गुंडाळीला घाबरू नका. ती मधल्या डोळ्याभोवती लहान लहान होत जाणाऱ्या वळशांची आहे. वळसा कुठे पुढच्या वळशामागे लपतो, त्या दोन जागा शोधा. त्या सापडल्या की बाकीचं आपोआप जुळतं.

ट्रम्पेट असेल तर भोंग्याच्या तोंडाचं लंबवर्तुळ नीट बसवा. नियम सोपा आहे: लंबवर्तुळाचा लहान अक्ष नळीच्या मधल्या रेषेतच येतो. तो तिरपा गेला की भोंगा नळीवरून घसरतोय असं वाटतं.

रेखाटन झालं की आरशात पाहा. मग एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा आणि तारा जिथून जाणार त्या रेषांवर विणायची सुई ठेवून बघा. घोडीपासून मानेपर्यंत सुई सरळ बसत नसेल तर रंगाकडे वळू नका. मानेची जागा चुकली आहे, आणि रंग चढल्यावर ती दुरुस्त होत नाही.

६. तपकिरी थर

बर्न्ट अंबर मिनरल स्पिरिटने पातळ करा आणि संपूर्ण चित्र केवळ त्या एका रंगात, गडद-फिकट छटांत उभं करा. उजेडाच्या जागा चिंधीने पुसून काढा. अंबर लवकर वाळतो, म्हणून तळाला तो चांगला.

या थरात तीनच प्रश्न सोडवायचे. सर्वात गडद जागा कोणती? बहुतेक वेळा बोटांच्या पट्टीची सावली. सर्वात उजळ कोणती? स्वरलिपीचा कागद किंवा वार्निशवरची चमक. आणि लाकूड या दोन टोकांमध्ये नेमकं कुठे बसतं? डोळे मिचकावून पाहा. पहिल्यांदा रंगवणारे जवळजवळ सगळेच लाकूड प्रमाणापेक्षा उजळ करतात, मग चकाकीला वर जायला जागाच उरत नाही.

७. लाकूड आणि पितळ

इथे भौतिकशास्त्राची एक गोष्ट कळली की अर्धं काम होतं. वार्निशवरून परावर्तित होणारी चकाकी दिव्याच्या रंगाची असते, लाकडाच्या रंगाची नाही. निळसर उजेड असेल तर केशरी लाकडावरची चकाकीही थंड, निळसर पांढरी. पितळासारख्या धातूचं तसं नसतं. तो परावर्तित उजेडाला स्वतःचा रंग देतो, म्हणून पितळावरची चकाकी पिवळसर राहते. व्हायोलिनवर पिवळी चकाकी टाकली की लाकूड प्लास्टिकचं होतं, आणि ट्रम्पेटवर निव्वळ पांढरी टाकली की पितळ स्टीलसारखं दिसतं.

लाकडाला मी आधी यलो ऑकर आणि रॉ सिएनाचा अपारदर्शक थर देते. तो पूर्ण वाळला की वरून बर्न्ट सिएना आणि कणभर अलिझरिनचा तेलकट, पारदर्शक थर. खऱ्या व्हायोलिनवरही तसंच असतं: खाली फिकट लाकूड, वर रंगीत पारदर्शक वार्निश. कोपरे आणि हात लागणाऱ्या जागा झिजून फिकट झालेल्या असतात. तिथे वरचा थर चिंधीने अलगद पुसून घ्या. या झिजेमुळे वाद्य वापरातलं वाटतं.

मेपलचे पट्टे मोठे फसवे. तुम्ही डोकं दोन इंच हलवलंत की गडद पट्टा उजळ होतो आणि उजळ पट्टा गडद. ते लाकडातल्या तंतूंच्या वळणामुळे होतं. म्हणून पट्टे एकाच बैठकीत, पावलं खुणेवर ठेवून, ओल्या रंगात मऊ कडांनी टाका. दुसऱ्या दिवशी ते वेगळे दिसले तरी बदलू नका.

एफ छिद्राचं आतलं तोंड सपाट काळं करू नका. जवळ जाऊन बघा: पाटीची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर असते, आणि उजेडाच्या विरुद्ध बाजूच्या कडेवर ती केसाएवढी उजळ, फिकट लाकडाची रेघ होऊन दिसते. ही एक रेघ पडली की छिद्र खोल होतं. मला या रेघेचा शोध चौथ्या चित्रात लागला.

पितळात मिसळलेल्या, हळुवार छटा शोधत बसू नका. गुळगुळीत धातू म्हणजे वाकडा आरसा. त्यात गडद अंबर थेट उजळ पिवळ्याला भिडतो, मधली छटा कित्येकदा नसतेच. आकारांचे तुकडे जसे दिसतात तसे शेजारी शेजारी ठेवा, कडा धारदार ठेवा. जवळून ते ठिगळांसारखं वाटेल, तीन पावलं मागे गेल्यावर पितळ होईल.

८. तारा

सगळं वाळल्यावर तारा एका बैठकीत काढा. त्याआधी जुन्या कॅनव्हासच्या तुकड्यावर वीस-पंचवीस रेघा काढून हात बसवा.

रंग तेलाने शाईइतका पातळ करा. रिगर पूर्ण भरून घ्या, मनगट मॉलस्टिकवर टेकवा, श्वास सोडत सोडत एका दमात ओढा. हात फिरवायचा खांद्यातून, बोटांतून नाही. रेघ बिघडली तर लगेच स्वच्छ ब्रशने पुसा. खालचा थर वाळलेला असल्याने काही बिघडत नाही.

चारही तारा एकाच राखाडी रंगाने टोकापासून टोकापर्यंत काढणं ही इथली मोठी चूक. तार सलग दिसत नाही. काळ्या पट्टीवर ती उजळ असते. उजळ पाटीवर आली की तीच तार गडद होते. मध्येच ती पार्श्वभूमीत विरघळते आणि घोडीजवळ एका ठिपक्याने पुन्हा उगवते. ई तार इतकी बारीक असते की तिचा केवळ एखादा चमकता तुकडा पुरतो, बाकीची पाहणारा आपल्या मनाने पुरी करतो. 'जी' (G) तारेवर धातूची तार गुंडाळलेली असते. तिच्यावरची चमक जाडसर, मंद.

आणि सावल्या. तार पट्टीजवळ पृष्ठभागाच्या निकट असते आणि घोडीकडे वर उचलली जाते. म्हणून तारेची सावली मानेकडे तारेला जवळजवळ चिकटून असते आणि घोडीकडे येईपर्यंत दूर सरकते, मऊही होते. तारेत आणि सावलीत वाढत जाणाऱ्या या फटीमुळेच तार ताणलेली वाटते. माझ्या कसोटीतला निम्मा भाग एवढ्यावर उभा आहे.

तुटलेल्या तारेचं उदाहरण पाहायचं तर लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं हान्स होल्बाइनचं १५३३ सालचं 'द अँबॅसडर्स' पाहा. खालच्या फळीवरच्या ल्यूटची एक तार तुटलेली आहे. ताणलेल्या तारांमध्ये ती एकच सुटलेली असल्यामुळे नजर तिथे जाते.

९. कागद, राळ, धूळ

स्वरलिपीचा कागद आधी कागद म्हणून रंगवा: त्याचा बाक, त्याची सावली, दुमडलेला कोपरा. पाच रेघा त्या बाकाबरोबर वळल्या पाहिजेत. सगळे स्वर ठळक काढू नका. उजेडातला एखादा कोपरा स्पष्ट, बाकी सूचक.

वाजत्या व्हायोलिनवर पट्टीचं टोक आणि घोडी यांच्यामध्ये, तारांखाली राळेची पांढुरकी भुकटी बसते. मांडणी करताना ती पुसू नका. रंगवायला कोरडा फिल्बर्ट घ्या, त्यावर अगदी कमी पांढरा आणि चिमूटभर ऑकर, आणि वाळलेल्या लाकडावरून नुसता घासत न्या. बर्गामोचा एव्हारिस्टो बास्केनिस (१६१७–१६७७) धर्मगुरू होता आणि त्याने वाद्यांची स्थिरचित्रं केली. त्याच्या चित्रांत पालथ्या ल्यूटच्या पाठीवर धूळ आहे आणि त्या धुळीत बोटं ओढल्याच्या रेघा. कुणीतरी वाद्य उचलायला आलं होतं, एवढं त्या रेघा सांगतात. तुमच्या वाद्यावर धूळ असेल तर ती याच मायेने पाहा.

१०. वाळवणं आणि वार्निश

खालच्या थरात तेल कमी, वर जाताना जास्त. उलटं झालं तर वरचा थर आधी आवळतो आणि पुढे तडे जातात. वाळल्यावर अंबरच्या गडद जागा फिक्या, मातकट दिसू लागतात. घाबरून त्यांवर आणखी काळं चढवू नका. तेल त्या जागी आत मुरलेलं असतं. पुढच्या बैठकीपूर्वी जवसाच्या तेलाचा अत्यंत पातळ हात द्या आणि जास्तीचं लगेच टिपून घ्या, मूळ गडदपणा परत दिसतो. शेवटचं पारंपरिक वार्निश सहा महिने ते वर्षभराने.

इथे विशेष सांभाळा. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळ्यात ती साठून चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या हवेत पसरून वाळवा किंवा धातूच्या डब्यात पाण्यात बुडवून झाकण लावा. वापरलेला मिनरल स्पिरिट मोरीत ओतू नका. बरणीत ठेवला की गाळ खाली बसतो आणि वरचा पुन्हा वापरता येतो. काम करताना खिडकी उघडी हवी.

११. सही करण्याआधी वादकाला बोलवा

चित्रकार मित्र रचना पाहतात, रंग पाहतात. वादक सरळ हात कुठे जाईल ते पाहतो. वार्निशच्या आधीच्या महिन्यांत एखाद्या वाजवणाऱ्या माणसाला बोलवा आणि एकच विचारा, "हे वाजेल का?" मग गप्प बसा.

गेल्या चित्राच्या वेळी मी त्याच मैत्रिणीला बोलावलं. तिने घोडी पाहिली, काही बोलली नाही. तारांवरून नजर वर नेली आणि ए तारेच्या खुंटीवर थांबली. "ही तार खुंटीवर उलट्या बाजूने गुंडाळली आहेस," ती म्हणाली. "तार खुंटीच्या वरून जाते, खालून नाही." मी रिगर घेतला, खालचा वेढा पुसला, तार खुंटीच्या वरून नेली आणि खुंटीखाली अंबरची बारीक सावली टाकली. तिने पुन्हा पाहिलं, डावा हात नकळत मानेभोवती धरल्यासारखा वर आला, आणि ती म्हणाली, "आता सही कर."